मायक्रोवेव्हमध्ये ठेवायची काच वितळवणारी भट्टी : सात महिने वापरून लिहिलेला रिव्ह्यू

आधी थोडक्यात सांगते, ज्यांना घाई आहे त्यांच्यासाठी. ही भट्टी काच वितळवते, चार मिनिटांच्या आत वितळवते, त्यात काही खोट नाही. पण वितळवणं हे निम्मंच काम असतं, उरलेलं निम्मं म्हणजे ती काच नीट निववणं, आणि ते हिला जमत नाही. म्हणून पाचपैकी साडेतीन. कानातलं, पेंडंट, अंगठीचा खडा असलं लहानसं करायचं असेल तर बिनधास्त घ्या, वाट्या आणि ताटल्या डोक्यात असतील तर पैसे घालवू नका.

आता सविस्तर. माझ्या लग्नातल्या हिरव्या चुड्यातल्या बांगड्या हळूहळू एकेक करत गेल्या. घरात फुटल्या म्हटलं की सासूबाई लगेच टोकतात, "अगं, वाढवल्या म्हणावं", तर वाढवल्या. ते तुकडे टाकवेनात म्हणून बिस्किटाच्या डब्यात कापसात गुंडाळून ठेवले होते, नऊ वर्षं. त्यांचं काहीतरी अंगावर घालण्यासारखं व्हावं एवढीच इच्छा होती. मोठी इलेक्ट्रिक भट्टी घ्यायची म्हणजे खर्च वेगळा आणि जागा वेगळी, मग ऑनलाइन ही मायक्रोवेव्हवाली दिसली, मला ५,५०० ला पडली.

डब्यात काय येतं : पांढऱ्या सिरॅमिक फायबरचा जाड पाट, त्याच्यावर घुमटासारखं झाकण, झाकणाला आतून काळा थर, खाली ठेवायला तीन छोटे पाय, काच चिकटू नये म्हणून थोडा भट्टीचा कागद, हातमोजे, काच कापायचा कटर आणि रंगीत काचेचे थोडे तुकडे. आतली वापरायची जागा जेमतेम साडेसात सेंटीमीटर. जाहिरातीत बाटलीचा फोटो होता, बाटली सोडाच, बाटलीचं बूडसुद्धा आत नीट बसत नाही, हे मला पटलं नाही. माझ्याकडे आलेल्या पाटाला पहिल्या दिवसापासून चीर होती, विकणाऱ्याने बदलून दिला पण तीन आठवडे लावले आणि तेही चार वेळा फोटो मागून.

ती काम कशी करते ते कळलं की वापरणं सोपं जातं. थंड काच मायक्रोवेव्ह जवळजवळ शोषत नाही, म्हणूनच तर काचेच्या वाडग्यात आपण भाजी गरम करू शकतो, भाजी तापते आणि वाडगा तापतो तो भाजीमुळे. इथे झाकणाच्या आतला जो काळा थर आहे तो सिलिकॉन कार्बाइडचा, तो मायक्रोवेव्ह शोषून लालबुंद होतो आणि त्याच्या धगीने काच तापते. पुढची गंमत अशी की काच चांगली तापली की तिच्यातले सोडियमचे आयन सैल होतात, हलायला लागतात, आणि मग काच स्वतःच मायक्रोवेव्ह शोषायला लागते. म्हणून पहिली दोन मिनिटं काहीच होत नाही असं वाटतं आणि शेवटच्या अर्ध्या मिनिटात सगळा खेळ उरकतो. मॅन्युअलमधल्या वेळा पाळून चालत नाही, प्रत्येकाचा मायक्रोवेव्ह वेगळा. आत साधा धातूचा थर्मामीटर घालता येत नाही कारण मायक्रोवेव्हमध्ये ठिणग्या उडतील, त्यामुळे तापमान किती झालं ते तुम्हाला काचच सांगणार.

म्हणून मी काय केलं, एकाच बांगडीचे साधारण सारखे तुकडे घेतले आणि चार खेपा केल्या, प्रत्येक खेपेला दोन तुकडे खाली समांतर आणि तिसरा त्यांच्यावर आडवा, पुलासारखा. माझा जुना ८०० वॅटचा मायक्रोवेव्ह, प्रत्येक वेळी भट्टी पूर्ण थंड, फक्त वेळ वेगळी. हे मी सगळ्यांना करायला सांगेन कारण काच तापल्यावर नेमकं काय होतं ते याच्यात अगदी पायरी पायरीने दिसतं.

अडीच मिनिटांना थांबवलं तर वरचा तुकडा मध्ये किंचित वाकलेला, बाकी सगळं जसंच्या तसं, कडा अजून बोचणाऱ्या. म्हणजे काच अजून घट्टच आहे, पण स्वतःचं वजन तिला पेलेना झालंय. तीन मिनिटांना पूल खाली बसला, तिन्ही तुकडे एकमेकांना चिकटले पण ओळखू येतात, आणि तुटलेल्या कडा गोल झाल्या, इतक्या की गालावरून फिरवा. तीन मिनिटं वीस सेकंदांना तिघांचा आकार एकमेकांत मुरायला लागला, वरून हात फिरवला तर उंचवटे लागतात. आणि पावणेचार मिनिटांना एक सपाट, गुळगुळीत, कडेला फुगीर अशी टिकली, कुठे कुठला तुकडा होता ते सांगता येणार नाही. वीस-पंचवीस सेकंदांचा फरक आणि वस्तू वेगळीच.

इथे मला कुठेही "आत्ता वितळली" असा एक क्षण सापडला नाही, कारण काचेला तो नसतोच. बर्फाला शून्य अंश असतात, त्याच्या आधी बर्फ नंतर पाणी. काचेच्या आत कण बर्फासारखे ओळीने रचलेले नसतात, वेडेवाकडे एकमेकांत अडकलेले असतात, त्यामुळे सगळे एकाच तापमानाला सुटत नाहीत, तापमान वाढेल तशी ती आधी नरम, मग चिवट, मग पाघळणारी, मग ओघळणारी अशी होत जाते. चिक्कीचा पाक ज्यांनी केलाय त्यांना हे लगेच कळेल, ताटात ओतल्यावर तो वाहतो, मग लाटता येतो, मग नुसता वाकतो, मग टणक होऊन फुटतो, आणि मध्ये कुठेही रेघ मारता येत नाही की इथपर्यंत पातळ आणि इथून घट्ट. तो कडक झालेला पारदर्शक पाक म्हणजे खरोखर साखरेची काचच असते, उपमा म्हणून सांगत नाहीये.

मग कुठल्या तापमानाला काच "मऊ" म्हणायची? हे ठरवायची एक पद्धत आहे आणि ती मला फार आवडली. अर्धा ते पाऊण मिलिमीटर जाडीची, साडेतेवीस सेंटीमीटर लांब काचेची तार उभी टांगायची, वरचा भाग भट्टीत, आणि हळूहळू तापवत जायचं, ज्या तापमानाला ती स्वतःच्याच वजनाने मिनिटाला एक मिलिमीटर लांबायला लागते तो त्या काचेचा सॉफ्टनिंग पॉइंट. खिडकीची, बाटलीची काच असते त्या सोडा-लाइम जातीत हा आकडा ७२० ते ७३० अंश सेल्सिअसच्या आसपास येतो. बांगडीची काचही याच घरातली. निव्वळ वाळू म्हणजे सिलिका वितळवायची तर १७०० अंशांच्या आसपास जावं लागतं, सोडा घातला की तो सिलिकाच्या जाळ्यातले दुवे तोडतो आणि आकडा एवढा खाली येतो, आणि नुसता सोडा घातला तर काच पाण्यात विरघळेल म्हणून चुना. हे कळल्यावर भट्टीला थर्मामीटर नसल्याचं दुःख थोडं कमी झालं, पूल वाकला की ओळखायचं आता सातशेच्या पुढेमागे आहोत, सपाट टिकली झाली की आठशेच्या आसपास.

ही पद्धत ज्याने बसवली तो जेसी लिटलटन, अमेरिकेत कॉर्निंगच्या काच कंपनीत शास्त्रज्ञ. १९१३ ची गोष्ट, त्याच्या बायकोचं, बेसीचं, ओव्हनमधलं भांडं तडकलं, तर त्याने कारखान्यातून बॅटरीच्या काचेच्या बरणीचं कापलेलं बूड घरी आणलं आणि तिने त्यात केक भाजला. त्यातूनच पुढे १९१५ मध्ये पायरेक्सची भांडी बाजारात आली. आणि त्यांचाच मुलगा हार्वी लिटलटन, त्याने १९६२ मध्ये टोलेडोच्या म्युझियमच्या आवारात एक छोटी भट्टी लावून दाखवलं की काच वितळवायला मोठा कारखाना लागतोच असं नाही, एकटा कलाकार स्वतःच्या जागेत ते करू शकतो. पहिल्या प्रयत्नाला त्याची काच नीट वितळलीच नव्हती, मग डॉमिनिक लॅबिनो नावाच्या जाणकाराने फायबरग्लाससाठी वापरायच्या काचेच्या गोट्या आणून दिल्या, त्या वितळल्या आणि काम सुरू झालं. माझ्या गॅलरीतल्या स्टुलावर आज जी भट्टी आहे तिची वाट तिथून आलीये असं मला मनापासून वाटतं. मी तळेगावची, आमच्या गावात १९०८ साली लोकांकडून पैसा पैसा गोळा करून पैसा फंडाचा काच कारखाना निघाला, लहानपणापासून ते नाव ऐकत आले, पण वितळून चकाकणारी काच डोळ्यांनी पहिल्यांदा पाहिली ती पस्तिसाव्या वर्षी, झाकण केसभर उचलून. नारंगी उजेड आणि त्यात ओली दिसणारी काच. दोन सेकंद. त्याहून जास्त उघडं ठेवायचं नाही, थंड हवा लागली की तडकते.

पायरेक्सचं एवढं सांगायचं कारण म्हणजे मी त्या जातीच्या काचेची चूक करून बसले. लॅबमधल्या मोडक्या बीकरचा तुकडा मिळाला होता, मस्त स्वच्छ पारदर्शक, म्हटलं खाली हा आणि वर हिरवी बांगडी. पावणेचार मिनिटांनी बांगडी वितळून पसरलेली आणि बीकरचा तुकडा कोपऱ्यांसकट जशाच्या तसा, कारण ती बोरोसिलिकेट काच, तिचा सॉफ्टनिंग पॉइंट ८२० च्या आसपास. तरी चिकटलं म्हणून आनंद झाला, पण वीस मिनिटांनी आतूनच टक् टक् आवाज आणि उघडलं तर दोन्ही वेगळे आणि मध्ये चुरा. तापल्यावर सोडा-लाइम काच जेवढी प्रसरण पावते त्याच्या साधारण एक तृतीयांशच बोरोसिलिकेट पावते, मग थंड होताना एक आकसणार जास्त आणि दुसरी कमी, एकमेकींना चिकटलेल्या, मग तुटणारच. तेव्हा नियम असा की दोन वेगळ्या घराण्यातल्या काचा एका भट्टीत एकत्र आणायच्या नाहीत. विकत मिळणाऱ्या फ्यूजिंगच्या काचेवर ९० किंवा ९६ असा आकडा असतो तो या प्रसरणाचाच, ९० ला ९० च लावायची. बांगड्यांवर असा आकडा कोण लिहिणार, म्हणून मी एकाच बांगडीचे तुकडे एकत्र वापरते, फार तर एकाच डझनातले.

आता ज्याच्यासाठी दीड स्टार कापला ते. भट्टी आठशेपर्यंत जाते आणि मायक्रोवेव्ह बंद झाला की ती आपली आपण निवायला लागते, तिच्या हिशोबाने, तुमच्या नाही. काच वरून आधी थंड होते, घट्ट होते, आतला भाग अजून गरम, तो नंतर आकसायला जातो तर बाहेरचं कवच त्याला आकसू देत नाही, आणि ती ओढाताण काचेत कायमची अडकून बसते. हे टाळायला काच साधारण ५४०-५५० अंशांवर थोडा वेळ रोखून धरायची असते, तिथे ती आकार सोडत नाही पण आतला ताण मात्र सोडते, मग ५०० च्या खाली येईपर्यंत सावकाश उतरवायची. याला अ‍ॅनीलिंग म्हणतात आणि खऱ्या भट्टीचे पैसे आपण खरं तर यासाठी मोजतो. ५०० च्या खाली गेल्यावर जो ताण राहिला तो राहिला.

नणंदेला वाढदिवसाला मी एक मोठं पेंडंट करून दिलं होतं, पाच-सहा सेंटीमीटर, तीन थरांचं, काय सुंदर झालं होतं. दोन दिवस काही झालं नाही. तिसऱ्या दिवशी कपाटात ठेवलेलं, कोणी हातही लावला नव्हता, मधोमध तडा. तिचा फोन आला तेव्हा फार वाईट वाटलं, त्यात माझ्या पहिल्या चुड्यातले दोन तुकडे होते. त्यानंतर मी प्रत्येक वस्तू तपासल्याशिवाय कुणाला देत नाही, आणि तपासायची पद्धत अगदी घरगुती आहे : लॅपटॉपच्या एलसीडी स्क्रीनवर पांढरं पान उघडायचं, पोलराइज्ड गॉगलची काच डोळ्यासमोर धरून फिरवायची, एका कोनात स्क्रीन काळा पडतो, तिथेच थांबायचं आणि मध्ये काचेची वस्तू धरायची. ताण असेल तर त्या काळ्यात वस्तूच्या कडेला पांढरट चकाकी दिसते. जेवढी चकाकी तेवढा ताण. मोठ्या वस्तू सगळ्या चकाकल्या, अडीच सेंटीमीटरच्या आतल्या आणि पातळ वस्तूंमध्ये जवळजवळ काही दिसलं नाही. त्यामुळे आता माझी मर्यादा तीच. शिवाय मायक्रोवेव्हमधून काढल्या काढल्या भट्टीला सिरॅमिक वूलची जाड घडी गुंडाळते आणि दीड तास विसरून जाते, मॅन्युअलमध्ये अर्धा तास लिहिलंय तो फार कमी आहे. उघडायची घाई फार होते, मला माहितीये, पण नका उघडू.

रंगांबद्दल. गडद हिरवा अगदी तसाच राहतो, हा चुड्याचा रंग वितळून उलट खोल दिसतो, म्हणून माझं काम झालं. पिवळ्या आणि लाल बांगड्यांचा भरवसा नाही, माझी एक पिवळी चक्क तपकिरी झाली, आणि या रंगांत कॅडमियम-सेलेनियम असू शकतं तेव्हा त्या वितळवताना खिडक्या उघड्याच हव्यात. सोनेरी जर आणि वरून दिलेला चमकीचा रंग जळून जातो, वासही येतो. काचेचा पृष्ठभाग कधी कधी धुरकट होऊन येतो, ती घाण नसते, आठशेच्या आसपास जास्त वेळ रेंगाळली की काचेच्या वरच्या थरात स्फटिक धरतात, आधी तुकडे स्पिरिटने पुसून घेतले तर खूप कमी होतं.

अजून एक मजेची गोष्ट, काच वितळली की तिला स्वतःची अशी एक जाडी हवी असते, साधारण सहा-सात मिलिमीटर. त्याहून पातळ थर असेल तर ती आत ओढून घेते, कडा जाड होतात, जाड असेल तर बाहेर पसरते. आणि तांदळाएवढा कण असेल तर पृष्ठताणाने त्याचा सरळ गोल मणी होतो. असे तीस-चाळीस मणी मी एका खेपेत करते, ते पुढे पेंडंटवर लावायला.

बांगड्या वितळवायला लागल्यापासून बांगडीकडे बघायची नजरच बदलली. आपल्या बहुतेक काचेच्या बांगड्या उत्तर प्रदेशातल्या फिरोजाबादहून येतात, तिथे वितळलेल्या काचेची तार ओढून ती फिरत्या रुळावर स्प्रिंगसारखी गुंडाळतात, मग ती स्प्रिंग कापली की सुटे वेढे, आणि प्रत्येक वेढ्याची दोन टोकं ज्योतीवर मऊ करून जोडायची, त्याला तिथे जुडाई म्हणतात. प्रत्येक बांगडीला तो एक जोड असतो, उजेडात धरून फिरवली की सापडतो. माझ्या डब्यातल्या बऱ्याच बांगड्या नेमक्या त्याच जागी वाढवल्या गेल्यात. आता कासाराकडे गेले की मी जोड बघून बांगड्या निवडते आणि कासारकाका हसतात, पण निवडू देतात.

काळजीच्या गोष्टी, या मात्र कृपया हलक्यात घेऊ नका. जेवणाचा मायक्रोवेव्ह यासाठी वापरायचा नाही, कितीही पुसला तरी नाही, जुना सोलो मायक्रोवेव्ह वेगळा ठेवा. भट्टीचा कागद जळून त्याची पांढरी पूड होते, ती फुंकायची नाही, मास्क लावून ओल्या फडक्याने उचलायची. मुलं शाळेत असतानाच भट्टी लावा. थंड दिसणारी भट्टी थंड नसते, मोजे हातात हवेतच, आणि किटमधले मोजे पातळ आहेत, मी वेल्डिंगवाल्यांचे चामड्याचे घेतले. एका खेपेनंतर लगेच दुसरी लावली तर भट्टी आधीच तापलेली असते आणि त्याच वेळेत काच पार पसरून जाते, मध्ये पूर्ण निवू द्या. किटमधला कागद सात-आठ खेपांत संपतो, तो वेगळा मागवावा लागतो आणि भट्टीच्या मानाने महाग आहे. विजेचं विचाराल तर चार मिनिटांना ०.०८ युनिटच्या आसपास, बिलात दिसतसुद्धा नाही.

सात महिन्यांत माझ्या डब्यातल्या तुकड्यांतून दोन कानातल्यांचे जोड, एक अंगठी आणि माझ्या गळ्यातलं हे पेंडंट झालं, रोज घालते, गॉगलखाली काळं दिसतं, तडा नाही. मागच्या आठवड्यात सासूबाईंनी त्यांचा डबा काढून दिला, त्यांच्या चुड्यातल्या साडेतीन बांगड्या, माझ्यापेक्षा फिक्या हिरव्या आणि जाड. त्यांना दोघींची मिळून एक वस्तू हवी होती. दोन्ही काचा एकत्र वितळवल्या तर टिकतील की नाही याची खात्री नाही, म्हणून त्यांना सांगितलं की आधी दोन्हीचा तांदळाएवढा कण जोडून बघू, चार दिवस कपाटात ठेवू, रोज गॉगलने बघू, आणि नाही जमलं तर वेगवेगळे मणी करून एकाच दोऱ्यात ओवू. आज दुपारी पहिला कण लावलाय, तीन मिनिटं वीस सेकंद, अजून उघडला नाही.